'झेपेल तेवढंच दुःख' हे वचन नाही

'जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो' हे वाक्य बरेच जण बायबलमधलं समजतात, पण ते बायबलमध्ये नाही. अमेरिकी लेखक बेंजामिन फ्रँकलिनने ते १७३६ च्या पंचांगात छापलं होतं, आणि मूळ कल्पना इसापाच्या गोष्टींइतकी जुनी आहे.

पण मला त्याहून जास्त टोचतं ते 'देव झेपेल तेवढंच दुःख देतो'. मूल गमावलेल्या आईला हे ऐकवताना मी पाहिलंय. ती नुसती मान हलवत राहिली. हे बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या १०:१३ (अध्याय १०, वचन १३) वरून आलेलं दिसतं. पण तिथे विषय आहे मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर अशा मोहांचा, आणि त्यातून निभावण्याचा. शोकाचं माप तिथे काढलेलंच नाही. उलट दुसऱ्या पत्रात, १:८ मध्ये, पौल सरळ कबूल करतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. पौलालाच झेपलं नाही, मग त्या आईने का झेपवून दाखवावं? पौलाच्याच गलतीकरांस पत्रातलं ६:२ तर एकमेकांची ओझी वाहायला सांगतं. त्या दिवशी ते एकाच बाईने केलं. काही न बोलता तिचा हात धरून बसली होती.