पुराच्या पिशवीत सुवार्तेची पत्रिका घालावी का?

शाहूपुरीकर
सर्वांना सलाम. पावसाळा तोंडावर आला की चर्चच्या कमिटीत हा विषय निघतो आणि अर्धवट राहतो, म्हणून इथं मांडतो.

आपल्या कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला ते 55 फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, बापट कॅम्प, कुंभार गल्ली, पलीकडं चिखली-आंबेवाडी इथली माणसं शाळांत आणि मंगल कार्यालयांत येतात. चर्च शिधा घेऊन जातं, आणि पिशवीत तांदळाच्या पुड्यावर सुवार्तेची, म्हणजे येशूचा संदेश सांगणारी, चार पानी पत्रिका ठेवलेली असते.

माझं म्हणणं, ती पत्रिका पिशवीत नको. घरात कमरेएवढं पाणी असताना माणूस पिशवी नाकारू शकत नाही. मग तिच्यातला कागद तरी तो कसा नाकारणार? ऐकायचं की नाही हे ठरवायची मोकळीकच त्याच्याकडं उरत नाही. योहानाच्या 6 व्या अध्यायात भाकरी खाऊन मागं आलेल्या गर्दीला प्रभूनंच हटकलंय, तुम्ही पोट भरलं म्हणून मला शोधताय, असं. आणि आपण गर्दी जमवायला भाकरी वापरायची?

सुवार्ता सांगू नका असं मी म्हणत नाही. पिशवीतून सांगू नका, एवढंच.

घंटाघर
दादा, मला हे अजिबात पटत नाही. रोमकरांस पत्रात पौल सरळ विचारतो, सांगणारा नसेल तर लोक ऐकतील कसे? नुसता शिधा तर तालीम मंडळंही देतात, मनापासून देतात, कोल्हापूर त्यात कधी मागं नव्हतं. मग चर्चकडं वेगळं द्यायला काय आहे? येशूचं नाव. तेच मागं ठेवून जायचं असेल तर ती चांगली सेवा झाली, मिशन नव्हे.

आपल्या भागाचा इतिहास बघा. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पाठोपाठ शाळा आल्या. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. अशा मिशन दवाखान्यांत शस्त्रक्रिया होत होत्या आणि शास्त्रवाचनही होत होतं. कुणी लपवलं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही तिथं जागा होती, पण ख्रिस्ताचं नाव अभंगातून उघड घेतलं जायचं. दार उघडं आणि तोंडही उघडं, अशी ती रीत होती.

शाहूपुरीकर
ताई, तुमच्याच उदाहरणावर बोलतो. मिरजेला पेशंट यायचा तो मोतीबिंदू नाहीतर मुतखडा घेऊन, आणि बरा होऊन घरी जायचा. शास्त्र ऐकलं नाही म्हणून ऑपरेशन थांबत नव्हतं. इथं कागद पिशवीतच आहे, कागदाशिवाय पिशवी मिळतच नाही. दोन्हींत फरक आहे. आणि टिळकांच्या दरबारात माणूस आपल्या पायानं जायचा.

तालमीचा गडी
मी ख्रिश्चन नाही, पण शिबिरात वाटपाचं काम माहितीतलं आहे म्हणून बोलतो. पाहुणे, पत्रिकेवर भांडण्याआधी पिशवीत काय असतं ते बघा.

पहिले तीन दिवस कच्चा शिधा कामाचा नाही. गॅस पाण्यात, काडेपेटी भिजलेली. त्या वेळी चुरमुरे, भडंग, बिस्किटं, दूध पावडर आणि पिण्याचं पाणी लागतं. पाणी ओसरून माणूस घरी परतला की मग शिधा. चौघांच्या घराला आठवडाभरासाठी तांदूळ 5 किलो, पीठ 5 किलो, तूरडाळ 1, साखर 1, मीठ 1, तेल 1 लिटर, चहा पावडर आणि कांदा-लसूण चटणी पाव-पाव किलो. हे साडेचौदा किलोच्या आसपास जातं. गुडघाभर चिखलातून म्हातारी एवढं नेणार कशी? दोन पिशव्या करा. तेलाची पिशवी वेगळ्या जाड प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून घाला. ती फुटली की पीठ जातं आणि तुमची पत्रिकाही जाते.

आणि सगळेच विसरतात त्या वस्तू: खराटा, फावडं, ब्लीचिंग पावडर, हातमोजे, सॅनिटरी पॅड. जुने कपडे आणू नका. निवडायला माणसं लागतात, आणि शेवटी ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडतो.

पत्रिकेचं म्हणाल तर कागदाचा राग कुणाला नसतो. बॅनर धरून फोटो काढतात आणि फोटो होईपर्यंत पिशवी सोडत नाहीत, त्याचा असतो.

वॉर्डसेवा
गड्याचं बरोबर आहे. त्यात एक भर: क्लोरीनची गोळी देताना वापर तोंडी सांगा. 20 लिटरची गोळी असेल तर ती कळशीत टाकून चालत नाही, मोठी घागर किंवा कॅन लागतो. गढूळ पाणी आधी फडक्यानं गाळायचं, गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो आणि जंतू तसेच राहतात. चिखलातून फिरलेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टोची (उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका धरून त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

आता मूळ मुद्दा. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयात कोकणातून, सीमाभागातून पेशंट येतात, नातेवाईक बाहेर पथारी टाकून असतात. तिथं प्रार्थनेला जाणाऱ्यांसाठी साधी शिस्त आहे. सिस्टरची परवानगी, भेटीच्या वेळेतच, दोघंच, दहा मिनिटं. आधी विचारायचं, ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ नको म्हणाले तर पाणी-चहाचं विचारून पुढं जायचं. पेशंट शुद्धीत नसेल तर नातेवाइकाला विचारायचं. जखमेला हात नाही, तेल लावायचं नाही.

सगळ्यात घातक म्हणजे ‘विश्वास ठेव, गोळ्या सोड’ असं कुणीतरी बोलून जातं. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणसाला वाटतं प्रार्थना ऐकली, गोळ्या बंद होतात आणि औषधाला दाद न देणारा टीबी उलटतो. प्रार्थना जरूर करा, पण त्याच तोंडानं ‘गोळी घेतली का?’ हेही विचारा.

म्हणून मी मधली. विचारून सांगितलेला शब्द चालतो, न विचारता घातलेला कागद नाही.

घंटाघर
‘विचारून’ हे मला मान्य. पेत्राच्या पहिल्या पत्रात 3:15 ला तेच आहे, विचारील त्याला उत्तर द्या, पण सौम्यतेनं. पण कुणी विचारण्याआधी आपण कोण हे त्याला कळायला नको? नाव नसलेल्या पिशवीबद्दल कोण काय विचारणार? उलट लोक म्हणतील, हे लपूनछपून येतात. आपल्या लोकांवर संशय घेतला जातो तो याचमुळं.

दफ्तरदार
कायद्याचं थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माच्या प्रसाराचं स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. शिधा आणि पत्रिका एकाच पिशवीत दिसली की आमिषाचा आरोप करणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं. दोन्ही वेगळं ठेवणं चर्चच्याच हिताचं.

यादीकडंही लक्ष द्या. मंडळीतल्या ओळखीवर यादी केली की त्याच त्याच घरांना तीनदा मिळतं आणि भाड्यानं राहणारा सुटतो. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये हेच भांडण आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या, म्हणून सात जण नेमले गेले. नेमलेल्या सातांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे तक्रार ज्यांची होती त्यांच्याच माणसांच्या हाती काम दिलं, असं मी वाचतो. आपणही यादी गल्लीतल्या आशाताई, तलाठी आणि तालमीच्या पोरांना बसवून करावी. एका घराला एक कूपन, त्यावर क्रमांक आणि कुटुंबातली माणसं. धर्माचा रकाना ठेवू नका.

शाहूपुरीकर
तालमीच्या पोरांबरोबर यादी, हे लगेच करण्यासारखं आहे.

ताई, तुमचा नावाचा मुद्दा खरा आहे, तिथं मी कमी विचार केला होता. मग असं करू या का? पिशवीवर चर्चचं नाव आणि गल्ली, बस्स. वचन नाही, पत्रिका नाही. वाटप संपलं की त्या दिवशी फोटोही नाही. पंधरा दिवसांनी दोघं-दोघं त्याच घरी जाऊन विचारायचं: भिंत वाळली का, पंचनामा झाला का, पोराची पुस्तकं मिळाली का. त्यांनी विचारलं, तुम्ही का येता, तर तेव्हा सांगायचं, पोटभर सांगायचं. पत्रिका तेव्हा खिशात असू दे.

घंटाघर
पंधरा दिवसांनी जाणार कोण? पहिल्या दिवशी तरुण संघाची चाळीस पोरं असतात, पंधराव्या दिवशी चार. आधी त्या भेटींसाठी माणसं लावा. चर्चमध्ये कापणीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यातला पैसा पिशव्यांत सगळा घालवू नका, थोडा मागच्या कामाला ठेवा. सुताराची मजुरी, वायरिंग, वह्या. त्या भेटी झाल्या तर पिशवीतल्या पत्रिकेचा हट्ट मी सोडते. नाही झाल्या तर पुढच्या पावसाळ्यात पत्रिका परत पिशवीत, हे आत्ताच सांगून ठेवते.

शाहूपुरीकर
कबूल. चाळीस पिशव्यांमागं दोन जोड्या, प्रत्येक जोडीला वीस घरं, आणि जोड्यांची नावं वाटपाआधी फळ्यावर.

तालमीचा गडी
नाव शिक्क्याच्या शाईनं मारू नका, पहिल्याच पावसात उतरतं. पत्र्याचा स्टेन्सिल कापून ऑइल पेंट मारा, एक रात्र वाळू द्या. आणि नाव पिशवीच्या खालच्या बाजूला नको, तिथं चिखल लागतो.