मदत हवी आहे : पीक पिवळे पडत आहे, उद्या युरिया आणावा की थांबावे?

निलंगा_शिवार (१६ जुलै, रात्री ९.१०)
नमस्कार. माझे तीन एकर पीक आठ दिवसांपासून पिवळे पडत चालले आहे. दहा दिवस पावसाने नीट उघडीप दिलेली नाही आणि खालच्या बाजूला पाणी साचून राहिले होते. दुकानदार सांगतो, की एकरी एक गोणी युरिया टाकल्यास चार दिवसांत पिकावर काळोखी येईल, तर वडील म्हणतात, की या पिकाला वरून युरिया द्यायचाच नसतो. उद्या सकाळी गावातून एक गाडी तालुक्याला जाणार आहे आणि खत आणायचे असेल तर त्याच गाडीने आणावे लागेल. म्हणून युरिया द्यावा की देऊ नये, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे. तीन वर्षांत खतावर केलेला खर्च एकदाही नीट पदरात पडलेला नाही, त्यामुळे या वेळी चूक करण्याची माझी ऐपत नाही.

वाफसा (रात्री ९.२५)
पीक कोणते, ते आपण लिहिलेले नाही. निलंगा तालुका आणि वडिलांचे म्हणणे यावरून सोयाबीन असावे असे वाटते, पण अंदाजावर सल्ला देणे बरोबर नाही. पेरणीला किती दिवस झाले, पेरताना कोणते खत दिले, आणि पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर आहे की खालच्या जुन्या पानांवर, एवढे आधी सांगावे. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे ठरणार आहे.

ऊस_ठिबक (रात्री ९.३८)
माझा अनुभव असा आहे, की जमिनीतून खत फेकून देण्याचे दिवस आता संपले. मी उसाला आठवड्यातून एकदा ठिबकमधून विद्राव्य खत थोडे थोडे देतो, त्यामुळे पाऊस कसाही झाला तरी मोठे नुकसान होत नाही. आपणही एकदा ठिबकचा खर्च करून टाकावा.

निलंगा_शिवार (रात्री ९.५२)
सोयाबीनच आहे. आमच्याकडे या दिवसांत दुसरे काय असणार, म्हणून लिहिले नाही. पेरणी २० जूनची आहे. विहिरीला ऑक्टोबरनंतर पाणी राहत नाही, सगळे कोरडवाहू आहे, त्यामुळे ठिबकचा विषय राहू द्यावा. पिवळी वरची पाने आहेत. मला फक्त युरियाचे सांगावे.

काळी_माती (रात्री १०.१५)
कृषी खात्यात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. युरियातून मिळणारे नत्र (नायट्रोजन) पिकाच्या आत सहज फिरते, त्यामुळे त्याची कमतरता पडली की झाड जुन्या पानांतले नत्र कोवळ्या पानांकडे पाठवते आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह मात्र झाडात असे फिरत नाही, म्हणून लोह कमी पडले की सर्वांत वरची पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. उद्या दिवसाउजेडी पान हातात घेऊन शिरा पाहाव्यात. त्याचबरोबर उंचावरची चार आणि पाणी साचलेल्या भागातली चार झाडे मुळासकट हळूच उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहाव्यात. गाठ आतून गुलाबी असेल तर ती हवेतले नत्र पिकाला देत आहे, आणि पांढरी, हिरवट किंवा कुजलेली असेल तर काम करत नाही. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी मंदावतात. तशा जमिनीत युरिया टाकला, तर त्यातले नत्र काही प्रमाणात निचऱ्याबरोबर खाली जाते आणि काही वायुरूपाने उडून जाते. त्या वायूंपैकी नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे पैसे आपले जातात आणि ज्या बिघडलेल्या हवामानाने आपल्याला या अडचणीत आणले, त्यातच भर पडते.

गोठा_आणि_शेत (रात्री १०.३०)
रासायनिक खतांनी जमिनीची सवय बिघडवली आहे, त्याचे हे परिणाम आहेत. एकरी २०० लिटर शेण-गोमूत्राचे जीवामृत द्यावे. मी सहा वर्षे एकही गोणी विकत घेतलेली नाही आणि माझे पीक कधी पिवळे पडलेले नाही.

वाफसा (रात्री १०.४१)
आपल्या शेतातला अनुभव मी नाकारत नाही, पण आपण सहा वर्षे शेणखतही घालत असाल आणि आपली जमीन निचऱ्याची असेल, तर त्याचे श्रेय एकट्या जीवामृताला देता येणार नाही. शिवाय चिखल असलेल्या रानात २०० लिटर द्रव ओतणे हा आजच्या रात्रीच्या प्रश्नाचा उपाय नाही.
निलंगा_शिवार, पेरताना काय दिले, त्याचे उत्तर अजून राहिले आहे.

निलंगा_शिवार (रात्री १०.५८)
पेरताना काहीच दिले नाही, आणि ते मुद्दाम दिले नाही. २०२३ साली एकरी एक गोणी डीएपी पेरणीबरोबर दिली होती. त्यानंतर ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला, फुले गळाली आणि खताचे पैसे मातीत गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये काढणीच्या तोंडावर इतका पाऊस झाला, की शेंगा झाडावरच सडल्या, आणि त्याही वर्षी खत पूर्ण दिलेले होते. म्हणून या वर्षी ठरवले, की आधी पावसाचा रंग पाहावा आणि पीक उभे राहिले तरच खत द्यावे. शिवाय दुकानात १३५० रुपयांची डीएपीची गोणी मागितली, तर सोबत एक बाटली घेण्याची सक्ती होती. त्या बाटलीचे पैसे मला द्यायचे नव्हते. आता पीक उभे आहे, म्हणून विचारतो आहे. यात माझे काय चुकले?

काळी_माती (रात्री ११.१०)
आपला हेतू चुकला नाही, पण सर्व अन्नद्रव्यांना एकच नियम लावला, तिथे गफलत झाली. डीएपीतले स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जेमतेम बोटभर सरकते, त्यामुळे ते पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली आणि बाजूलाच पडावे लागते. पीक उभे राहिल्यावर वरून फेकलेले स्फुरद मुळांपर्यंत या हंगामात पोहोचत नाही. पाऊस पाहून देण्याची सोय फार तर नत्राच्या बाबतीत असते, आणि सोयाबीनला नेमकी तीच फारशी लागत नाही, कारण गाठी धरेपर्यंत पेरणीबरोबरचे थोडे नत्र त्याला पुरते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश (पोटॅश) आणि २० किलो गंधक अशी आहे आणि ती पेरणीच्या वेळीच द्यायची असते.

वाशीमची_शेतकरीण (रात्री ११.२४)
काळी_माती यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. शिफारस कागदावर बरोबर असते, परंतु जिच्या घरात दोन हंगाम ओळीने बुडाले आहेत, ती पेरणीच्या दिवशीच सगळे पैसे जमिनीत घालायला धजत नाही. मान्सून २०२५ मध्ये २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत आला, तेव्हा आमच्याकडे किती जणांनी घाईने पेरावे की थांबावे या विचारात रात्री काढल्या, ते मी पाहिले आहे. दुबार पेरणीची भीती असताना अर्धे खत देणे हा अडाणीपणा नसून तो शेतकऱ्याने स्वतः उतरवलेला विमा आहे. मी स्वतः सगळ्या खतांची मात्रा निम्मी करते.

काळी_माती (रात्री ११.४०)
ताई, आपली भीती खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. माझे म्हणणे एवढेच, की कोणते खत निम्मे करायचे, हे ते वाया गेले तर कुठे जाते यावरून ठरवावे. पीक बुडाले की नत्र बहुतेक हातचे जाते. स्फुरद जमिनीतच राहते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्यातले बरेचसे चुन्याशी बांधले जाते हे खरे, पण काही वाटा पुढच्या पिकाला मिळतो. म्हणून निलंगा_शिवार यांचे २०२३ चे डीएपीमधले स्फुरद सगळेच मातीमोल झाले, असे म्हणता येणार नाही. या वर्षी काहीच न देता पीक उगवून आले आहे, त्यात त्या आधीच्या खताचाही हात असू शकतो.

वाशीमची_शेतकरीण (रात्री ११.५२)
हा हिशेब मला कोणी असा वेगळा करून सांगितला नव्हता. तरीही कर्जाचे व्याज याच वर्षी भरावे लागते, जमिनीत राहिलेल्या स्फुरदातून ते भरता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

नवे_तंत्र (१७ जुलै, सकाळी ६.०५)
गोणीऐवजी नॅनो युरियाची, म्हणजे बाटलीतल्या द्रवरूप युरियाची, फवारणी करावी. वाहतूक नाही, मजुरी कमी, जमिनीत निचरा होऊन जाण्याचा प्रश्नच नाही.

वाफसा (सकाळी ६.२०)
फवारणीचे नत्र निचऱ्यात जात नाही, इथपर्यंत मान्य आहे. परंतु लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत युरिया कमी करून नॅनो युरिया वापरल्यावर गहू आणि भात या दोन्ही पिकांचे उत्पादन घटल्याचे आढळले होते, हेही सांगायला हवे. आणि इथे मूळ प्रश्न नत्राचा आहे का, हेच अजून ठरलेले नाही.

निलंगा_शिवार (सकाळी ७.१५)
आत्ताच शेतातून आलो. शिरा हिरव्या आहेत आणि मधला भाग पिवळा, काही पाने तर पांढरट झाली आहेत. खालची पाने हिरवीच आहेत. उंचावरच्या झाडांच्या गाठी आतून गुलाबी आहेत, सखल भागात गाठी कमी आणि फिक्या आहेत. घरात जुनी जमीन आरोग्य पत्रिका सापडली. तिच्यावर सामू (पीएच) ८.३ आणि लोह ३.१ पीपीएम असे लिहिले आहे. गाडी आठ वाजता निघणार आहे.

काळी_माती (सकाळी ७.२२)
ही पत्रिका काल रात्रीच हाती आली असती, तर आपल्या सगळ्यांचा वेळ वाचला असता. लोहाची मर्यादा साधारण ४.५ पीपीएम धरतात, आपले त्याच्या खाली आहे. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की बायकार्बोनेट वाढते आणि असलेले लोहही पिकाला घेता येत नाही. युरियामुळे जमिनीत नायट्रेट वाढले तर सोयाबीनमधला हा लोहाचा पिवळेपणा आणखी बळावतो. त्यामुळे युरिया आणू नये. वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.
सखल भागातून आजच चर काढून पाणी बाहेर काढावे. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम कळीचा चुना, चुन्याची निवळी गाळून, अशी फवारणी पावसाची चार-पाच तास उघडीप असेल तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळी करावी. ते मिळाले नाही तर सूक्ष्म अन्नद्रव्यांचे फवारणीचे मिश्रण, ज्याला ग्रेड २ म्हणतात, दहा लिटरला ५० मिली चालेल. त्यात कीटकनाशक मिसळू नये. वाफसा आला, म्हणजे रान काम करण्याजोगे सुकले, की कोळपणी करून ओळींमधली माती मोकळी करावी, म्हणजे मुळांना हवा मिळेल.

वाफसा (सकाळी ७.३०)
एक विनंती आहे. चार ओळी फवारणी न करता तशाच ठेवाव्यात. उघडीप मिळाली की असे पीक पुष्कळदा आपोआपही सुधारते, आणि मग सुधारणा फवारणीने झाली की पाणी निघाल्याने झाली, हे कळायला दुसरा मार्ग राहत नाही.

वाशीमची_शेतकरीण (सकाळी ७.४१)
पुढच्या वर्षासाठी एक सांगते. डीएपीची गोणी अडवणूक करूनच मिळत असेल तर तिच्या जागी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धी गोणी युरिया पेरणीबरोबर देता येतो. स्फुरद साधारण तेवढेच पडते आणि सुपर फॉस्फेटमधून गंधक वेगळे मिळते, जे तेलबियांना लागते. सुपर फॉस्फेट दाणेदार घ्यावे, भुकटी पेरणी यंत्रात गच्च बसते. आणि रुंद वरंबा सरीवर, म्हणजे रुंद गादीच्या दोन्ही बाजूंना सरी ठेवून, पेरावे. मी दोन वर्षे पेरते आहे. जास्त पावसात सरीतून पाणी निघून जाते आणि खंड पडला तर ओल टिकते. आमच्या घरी खताच्या निर्णयापेक्षा या सरीनेच मला जास्त झोप मिळवून दिली आहे.

ऊस_ठिबक (सकाळी ७.४८)
तीन गोण्यांची वाहतूक आणि हमाली धरली तर ते स्वस्त पडत नाही.

वाशीमची_शेतकरीण (सकाळी ७.५५)
गावात गाडी वाटून घेतली तर पडते. शिवाय सक्तीच्या बाटलीचे पैसे त्यातून वजा करावेत.

निलंगा_शिवार (२९ जुलै, रात्री ८.३०)
युरिया आणला नाही. चर काढला, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उघडीप मिळाली तेव्हा फेरस सल्फेट फवारले आणि चार ओळी सोडल्या. उंचावर नवी पाने हिरवी येत आहेत. सोडलेल्या ओळीही सुधारल्या आहेत, पण शेजारच्या ओळींपेक्षा अजून फिक्या दिसतात. सखल कोपऱ्यातले पाच-सहा गुंठे मात्र खुंटले आहेत, तिथे फार आशा नाही. दुकानदाराने विचारले, तेव्हा त्याला पान दाखवले.
आता प्रश्न असा आहे, की काढणीनंतर हरभऱ्याच्या आधी माती तपासायची, तर उंचाची आणि सखलाची माती एकत्र करून द्यायची की वेगळी?

काळी_माती (रात्री ९.०५)
वेगळी द्यावी. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती खरवडावी, एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवावी आणि सावलीत वाळवावी. कोणतेही खत पडण्याच्या आधी हे करावे. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाकावी, ओलीने शाई पुसली जाते. मुक्त चुनखडीचे प्रमाणही मोजून द्या, असे प्रयोगशाळेत मुद्दाम सांगावे, कारण पत्रिकेतल्या नेहमीच्या तपासण्यांत ते नसते.