दांपत्य वर्गणी 2025: एक शंका (जर्मनीतल्या एका मराठी मंडळाच्या ईमेल यादीवरून)

प्रेषक: नाशिककर
दिनांक: 12 सप्टेंबर 2025
विषय: दांपत्य वर्गणी, एक शंका

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाचा फॉर्म भरताना अडले आहे. एकट्याची वर्गणी 25 युरो, दांपत्याची 40. मला 40 वाली भरायची आहे, पण तिथे 'पतीचे नाव' अशी एकच चौकट आहे आणि ती रिकामी ठेवली की फॉर्म पुढे सरकत नाही. मला पती नाही, पत्नी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात आमचं लग्न झालं आणि या फेब्रुवारीपासून ती इथे माझ्यासोबत राहते आहे. त्याच चौकटीत तिचं नाव लिहिलं तर चालेल ना? की खजिनदारांच्या एक्सेलला ठसका लागेल?

ती कोल्हापूरची आहे. फराळाच्या यादीत चकलीपुढे अजून कुणाचं नाव नाही, तिथे आमचं टाका.

– नाशिककर

---

प्रेषक: चिटणीस
दिनांक: 12 सप्टेंबर 2025
विषय: उत्तर: दांपत्य वर्गणी, एक शंका

तो फॉर्म कुणी आणि कधी केला ते मंडळात आज कुणालाच माहीत नाही. आम्ही दरवर्षी फक्त साल बदलतो. सध्या 'पती'मध्येच लिहून टाका, रविवारी वेळ मिळाला की मी चौकटीचं नाव 'जोडीदार' करतो. वर्गणी 40 च. उशिरा का होईना, दोघींचं अभिनंदन! चकली नोंदवली.

– चिटणीस (या महिन्यात खजिनदारही मीच)

ता.क. सर्वांना विनंती: उत्तर देताना खालची जुन्या मेलची शेपूट काढत चला.

---

प्रेषक: पेठेतला काका
दिनांक: 13 सप्टेंबर 2025
विषय: उत्तर: उत्तर: दांपत्य वर्गणी, एक शंका

चिटणीस, फॉर्म बदलायचा तर कार्यकारिणीत विषय यायला हवा. रविवारी वेळ मिळाला म्हणून मंडळाचे कागद बदलत नाहीत.

कुणी कुणाबरोबर राहावं यावर मला काही बोलायचं नाही. पण मंडळ सणवार आणि भाषेसाठी आहे. आणि भारतात हे लग्न कायद्याने नाहीच, मग आपण 'दांपत्य' कशाच्या आधारावर म्हणायचं? प्रश्न पंधरा युरोचा असेल तर ते मी भरतो. मुली, राग मानू नकोस.

कोल्हापूरची म्हणजे नेमकी कुठली?

– शिवाजी पेठेतला काका

---

प्रेषक: नवीन सभासद, उल्म
दिनांक: 14 सप्टेंबर 2025
विषय: उत्तर: उत्तर: दांपत्य वर्गणी, एक शंका

नमस्कार. यादीवर पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या एका मित्रासाठी विचारायचं होतं. त्याचा जोडीदार इचलकरंजीला असतो. लग्न आणि व्हिसा हे सगळं कसं जमवलंत? कुठून सुरुवात करायची तेच त्याला कळत नाहीये.

---

प्रेषक: नाशिककर
दिनांक: 15 सप्टेंबर 2025
विषय: उत्तर: दांपत्य वर्गणी, एक शंका (लांब आहे, चहा घेऊन बसा)

काका, नमस्कार.

पंधरा युरो नकोत, आधार सांगते. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते काम संसदेचं असं सांगितलं. म्हणजे तुमचं बरोबरच आहे, मुंबईला विमान उतरलं की आम्ही दोघी पुन्हा अविवाहित. पण आपलं मंडळ नोंदवलेलं इथे, वर्गणी घेतं युरोत, आणि या देशात 1 ऑक्टोबर 2017 पासून दोन बायकांचं लग्न हे लग्नच असतं. इथल्या टॅक्सवाल्यांनी आमचा टॅक्स क्लास विवाहितांचा केलाय. ते तर पंधरा सेंटसुद्धा कुणाला सोडत नाहीत.

आणि ती शिवाजी पेठेतलीच आहे.

2009 ला मी इंजिनिअरिंगला कोल्हापुरात आले. पहिल्याच आठवड्यात लॅबच्या दारात मागून आवाज आला, "थांब गं, मी येतो." कोण मुलगा म्हणून वळून पाहिलं, तर ही. कोल्हापुरात बायका सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे नाशिकच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? आता 'तुमच्यात नवरा कोण?' असं विचारणारे भेटतात, त्यांना मी सांगते की क्रियापदावर जाऊ नका.

2014 ला मी इकडे आले. ती शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायच्या कामावर लागली. तिची दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची, तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. ती गच्चीवर जाऊन फोन करायची, खाली आईला वाटायचं पोरीला गार वाऱ्याची फार आवड. दहा वर्षं आमचा संसार त्या गच्चीवर चालला. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा, निकाल लागला त्या दिवशी तिचा एवढाच मेसेज आला: "आता आपण गुन्हेगार न्हाई. जेवलीस काय?"

पण लग्नाचं ठरलं ते त्या निकालाने नाही, 2019 च्या पुराने. तुम्हाला आठवत असेल, पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. ही कंपनीतच अडकली आणि हिचा फोन बंद. दोन दिवस वाट बघून मी कंपनीत फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "आपण त्यांच्या कोण?" मी म्हणाले, मैत्रीण. "घरच्यांना कळवलंय आम्ही," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचं काही चुकलं नाही. पण बाहेर ट्राम जात होती, लोक आइस्क्रीम खात होते, आणि ती जिवंत आहे की नाही हे विचारण्याइतकीही मी तिची कुणी नव्हते. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मी आधी तिच्यावर ओरडले, मग रडले, मग म्हणाले, लग्न करू.

ते व्हायला पुढे पाच वर्षं लागली. मध्ये कोरोना आला, तिच्या घरी सांगायचं राहिलं होतं, आणि 2023 च्या निकालाची वाट बघण्यातही एक वर्ष गेलं. तोवर आमच्या मनात होतं की विशेष विवाह कायद्याखाली कोल्हापुरातच नोंदणी करू. ती म्हणायची, "बोर्डावर तीस दिवस नाव लागंल. पहिल्याच दिवशी अख्ख्या पेठेला कळंल, उरलेले एकोणतीस दिवस कशाला?"

उल्मकर, आता तुमच्या मित्राला सांगा.

जर्मनीतच लग्न करायचं म्हटलं तर इथलं विवाह नोंदणी कार्यालय भारतीय कागदांची शहानिशा करून मागतं, कारण भारताचा अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात खरा मानावा म्हणून मारतात तो) जर्मनी मानत नाही. आम्हाला जे सांगण्यात आलं ते असं: वकिलातीने नेमलेला वकील गावात माणूस पाठवतो, आणि तो घरी, शेजारी चौकशी करतो की ही मुलगी खरंच अविवाहित आहे का. शिवाजी पेठेत! शेजारच्या मावशींनी त्याला चहा पाजला असता, "स्थळ घेऊन आलाय व्हय?" म्हणाल्या असत्या आणि दोन-तीन मुली आणखी सुचवल्या असत्या. म्हणून आम्ही डेन्मार्कला गेलो. समलिंगी जोडप्यांची नोंदणी जगात सगळ्यात आधी त्यांनीच सुरू केली, 1989 मध्ये. लग्न 2012 पासून. अर्ज ऑनलाइन होतो. मंजुरीचा कागद चार महिने चालतो, तेवढ्यात लग्न उरकायचं. दोघांचाही शेंगेनमधला (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांमधला) मुक्काम कायदेशीर हवा, म्हणजे इचलकरंजीकराला आधी पाहुणा म्हणून व्हिसा काढावा लागेल. खरी खिंड तीच. हिचा पहिला अर्ज एका देशाने नाकारला, मुलगी परत जाईल असं पटत नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी नोकरीची पत्रं, रजेचा मंजूर अर्ज आणि वडिलांच्या शेताचा सातबारा असं बाड जोडलं, तेव्हा मिळाला.

नात्याचा पुरावाही लागतो. दहा वर्षांत आमचे दोघींचे एकत्र फोटो सात, कारण सवय फोटो टाळायची. तुमच्या मित्राला म्हणावं, आजपासून फोटो काढ, तिकिटं जपून ठेव.

लग्न टोंडरला झालं, सीमेपलीकडच्या लहानशा गावात. वारा असा की निऱ्या धरायच्या की अंगठी घालायची ते कळेना. साक्षीदार नगरपालिकेचे दोन कर्मचारी, आमची नावं उच्चारताना घामाघूम झालेले. दाखला पाच भाषांत मिळतो, त्यावर डॅनिश अपोस्टिल घ्यायचा, तो इथे चालतो. आणि लग्न झालं म्हणून इथेच थांबायचं नाही. पाहुण्याचा व्हिसा संपायच्या आत परत जायचं आणि मुंबईतून जोडीदाराच्या व्हिसाचा नवा अर्ज करायचा. माझं ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा इथला नोकरीचा परवाना) असल्यामुळे तिला ए-1, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीच्या, परीक्षेची सक्ती नव्हती, तरी ती शिकून आली. लग्नानंतरचे ते नऊ महिने आधीच्या दहा वर्षांपेक्षा जास्त जड गेले, हे मात्र आधीच सांगून ठेवा. इथे आल्यावर सगळं झरझर झालं: चौदा दिवसांत पत्त्याची नोंदणी, माझ्या आरोग्य विम्यात तिचं नाव, कामाचा परवाना.

भारताच्या बाजूला जे आहे तेही घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. फार नाही, पण बँकेच्या खिडकीवर दाखवायला कागद आहे.

आता काका, तुम्ही ज्याला सणवार म्हणता त्याकडे येते. तिच्या आईला आम्ही 2022 ला सांगितलं. त्या अकरा दिवस हिच्याशी बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी पहिलं वाक्य, "ती तिकडं एकटीच जेवती व्हय?" वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत. सातबारा मात्र त्यांनीच आणून दिला, टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्याचा अर्थ मी अजून लावत नाही.

जानेवारीत मी तिला न्यायला गेले. निघायच्या दिवशी आईंनी मला पाटावर बसवलं आणि तिथेच अडल्या. सून म्हणावं तर ओटी भरायची, साडी द्यायची. जावई म्हणावा तर टॉवेल-टोपी. बराच वेळ हातात ताट धरून उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि दोन्ही घेऊन आल्या. माझी ओटी भरली, साडी ठेवली, त्यावर टॉवेल, त्यावर टोपी. नारळ ठेवायला जागा उरेना. शेजारी अजूनही त्या "पोरगी मैत्रिणीकडं ऱ्हायलीया" असंच सांगतात. पण गेल्या आठवड्यात फोनवर मला विचारत होत्या, पुढल्या वर्षी मे-जूनमध्ये अधिक महिना आहे, धोंड्याचं वाण कुरिअरने पाठवलं तर तेहतीस अनारसे धड पोचतील का?

चौकटीचं बैठकीत जे ठरायचं ते ठरू दे. मी येईन बैठकीला.

– नाशिककर

---

प्रेषक: पेठेतला काका
दिनांक: 16 सप्टेंबर 2025
विषय: उत्तर: दांपत्य वर्गणी, एक शंका

वाचलं. चौकटीचा विषय बैठकीत मी स्वतः मांडतो. माझं मत तिथे सांगेन, इथे नाही.

अनारसे कुरिअरने पाठवू नका म्हणावं, भुगा होतो. अनुभव आहे.

पेठेत कुठल्या तालमीजवळ? आणि चकली कुणीही करतं. तांबडा-पांढरा जमतो का तिला? फराळ शाकाहारी असतो, पण विचारून ठेवतोय.

– काका

---

प्रेषक: चौकटीतली
दिनांक: 16 सप्टेंबर 2025
विषय: उत्तर: दांपत्य वर्गणी, एक शंका

नमस्कार मंडळी,

हिच्या आयडीवरनं नको म्हटलं, म्हणून आज यादीवर मी पण आलो.

काका, तालीम सांगत न्हाई. तुमचा फोन थेट आईला जाईल.

तांबडा जमतो. आईनं दोन किलो कांदा-लसूण चटणी बांधून दिलीया, तेवढी बास हाय. पांढऱ्याचं मात्र अवघड झालंय. मी जिथं जातो तिथं मटण साफ करून, बिनहाडाचं देतात, आणि हाडाबिगर पांढऱ्याला चव कुठली? दोन दुकानं फिरलो, जर्मनमधी हाड मागितलं तर कुत्र्यासाठी का म्हणून विचारलं. तुम्ही कुठनं आणता तेवढं कळवा.