प्रवाळातले रहिवासी नुसते भाडेकरू नाहीत

वर एकाने लिहिलंय की प्रवाळ म्हणजे माशांसाठी आयतं घर, बाकी देवाणघेवाण काही नाही. पहिला भाग मान्य. समुद्रतळाचा 1 टक्काही भाग न व्यापणाऱ्या प्रवाळभित्तींवर सागरी प्रजातींपैकी साधारण पाव हिश्श्याच्या प्रजाती आयुष्याचा काही काळ तरी काढतात. पण राहणारे फुकट राहतात, हे मात्र पटत नाही.

ट्रॅपेझिया नावाचा खेकडा बघा. जेमतेम नखाएवढा, फांद्याफांद्यांच्या प्रवाळाच्या बेचक्यात राहतो आणि प्रवाळ सोडतं तो चिकट स्राव खातो. क्राऊन ऑफ थॉर्न्स हा काटेरी तारामासा प्रवाळावर चढतो, पोट बाहेर काढून त्याच्यावर पसरतो आणि जिवंत थर जागेवरच पचवून टाकतो. ताटाएवढा प्राणी! तरी तो आला की हा खेकडा कडेला येऊन त्याचे नळीसारखे पाय नांगीने पकडतो, चिमटे काढतो, ढकलतो, आणि पुष्कळदा तारामासा मागे फिरतो. फांद्यांत अडकलेला गाळही हे खेकडे साफ करतात. माशांचंही तसंच आहे. रात्री फांद्यांत दडून बसणाऱ्या डॅमसेल माशांच्या उत्सर्गातून प्रवाळाला नायट्रोजन मिळतो, शिवाय त्यांच्या परांच्या हालचालीने आतलं पाणी खेळतं राहतं.

म्हणून ‘फक्त प्रवाळ वाचवा, मासे आपोआप येतील’ हे मला अर्धवट वाटतं. आतले राहणारे गेले, तर उरलेल्या प्रवाळाची राखण करणारंही कोणी राहत नाही.