सिंगापूर: सासूबाई शाकाहारी, बजेट आखडतं. जेवायचं कुठे?

स्वाती_नाशिक
डिसेंबरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई सिंगापूरला जातोय. विमान आणि हॉटेलातच बरेच पैसे गेलेत, म्हणून जेवणावर माणशी दिवसाला 20 सिंगापूर डॉलरच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. आम्ही चिकन-मासे खातो. सासूबाईंना अंडंही चालत नाही. टूरवाला 'रोज इंडियन डिनर'चं पॅकेज गळ्यात मारतोय. घ्यावं का?

भटक्या_परभणीकर
अजिबात नको. रोज तोच पनीर खायला सिंगापूरला कशाला जायचं?

हॉकर सेंटरमध्ये जेवा. पूर्वी रस्त्यावर बसणाऱ्या खाद्यविक्रेत्यांना सरकारने नळ-गटाराची सोय असलेल्या इमारतींत हलवलं, तीच ही सेंटरं. 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही ही संस्कृती गेली. चिकन राइस, नूडल्स वगैरे साधारण 4 ते 6 डॉलरात पोटभर मिळतं. रेस्टॉरंटच्या मेन्यूत दरापुढे '++' दिसलं तर सावध व्हा: 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर 9 टक्के जीएसटी, म्हणजे 20 चं ताट जवळजवळ 24 ला पडतं. हॉकरकडे पाटीवरचा भाव तोच बिलाचा. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालतंच असं नाही.

रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर तिथे बसू नका. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखंच ते, जागा धरलेली असते. आणि जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. 2021 पासून न ठेवणाऱ्यांवर कारवाई होते.

मीराताई
चिकन-मासेवाल्यांचं ठीक आहे हो, पण प्रश्न सासूबाईंचा आहे!

स्वाती, दिसायला शाकाहारी असलेल्या पदार्थांनी फसू नकोस. भाज्या बऱ्याचदा ऑयस्टर (कालवांच्या) सॉसमध्ये परततात, सांबलच्या चटणीत सुकी कोळंबी वाटलेली असते, लाक्सा म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, त्यातही तेच. काया टोस्टचा जॅम नारळाचा असला तरी त्यात अंडं असतं. पराठ्यासारखा 'प्राटा' मिळतो, त्याच्याबरोबरची करी बऱ्याचदा माशाची किंवा मटणाची, आणि पिठातही काय आहे ते विचारून घ्यावं लागतं.

त्यापेक्षा दोन ठिकाणं लक्षात ठेव. लिटल इंडिया स्टेशनजवळचं टेक्का सेंटर, तिथे डोसा-इडली मिळते. आसपास सेरंगून रोडवर दाक्षिणात्य शाकाहारी खानावळीही आहेत. दुसरं, मिडल रोडवरचं फॉर्च्यून सेंटर. शेजारी वॉटर्लू स्ट्रीटला क्वान इम या बौद्ध देवीचं देऊळ आहे, आणि या इमारतीत शाकाहारी खाण्याची बरीच दुकानं आहेत. चिनी बौद्ध पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही टाळतात, म्हणजे चातुर्मासवाल्यांनाही सोयीचं. (दुकानागणिक विचारायचं, अंडं कुठेकुठे असतं.) काचेमागे मांडलेल्या भाज्यांकडे बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात. फक्त सासूबाईंना आधी सांगून ठेव: ताटात हुबेहूब बदकाच्या तुकड्यांसारखं काही आलं तरी ते सोयाबीन नाहीतर गव्हाचं असतं. माझ्या आईने ताट सरकवून दिलं होतं, मग खरं कळल्यावर दोनदा मागून घेतलं.

ठाण्याचा_काका
थेपले नेणारच असाल, पण मेट्रोत डबा उघडू नका. खायला-प्यायला बंदी आहे, दंड 500 डॉलरपर्यंत. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

स्वाती_नाशिक
पॅकेज रद्द! आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर प्रश्न: सासूबाईंचा सकाळचा चहा?

मीराताई
ड्रिंक्सच्या वेगळ्या स्टॉलवर 'तेह' माग. कंडेन्स्ड मिल्क घालून खूप गोड करतात. साखर कमी हवी तर 'तेह सियू दाय'. दुधाशिवाय हवा तर 'तेह ओ', पण त्यात साखर असतेच. तीही नको असेल तर 'तेह ओ कोसोंग'. आल्याचा हवा असेल तर 'तेह हालिया', तो भारतीय-मुस्लिम स्टॉलवर छान मिळतो. त्यांना तोच आवडेल.

भटक्या_परभणीकर
स्टॉलवाल्यांना 'अंकल', 'आंटी' म्हणा. तिथेही तीच पद्धत आहे.