ताकायामा उकोन: संत म्हणायचं की देवळं पाडणारा सरदार?

रिकामटेकडा: काल रात्री जपानच्या इतिहासात घुसलो आणि या माणसापाशी अडकलो. जन्म १५५२, बापापाठोपाठ पोरवयातच ख्रिस्ती झाला, नाव मिळालं जुस्तो. पुढे ताकात्सुकीचा किल्ला, मग आकाशीची जहागीर. १५८७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने पाद्र्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम काढला आणि याला निरोप धाडला, धर्म सोड नाहीतर जहागीर सोड. यानं जहागीर सोडली! पाचच वर्षांपूर्वी यामाझाकीच्या लढाईत याच हिदेयोशीसाठी आघाडीवर लढलेला माणूस, पण बंड नाही, सामुराई रीतीने पोट फाडून घेणं नाही, सरळ चालता झाला. आपण तर फॅन.

बखरवाला: अर्धीच गोष्ट सांगताय. ताकात्सुकीत देवळं आणि बौद्ध मठ पाडले त्याचं काय? आणि हे शत्रूंनी नाही, मिशनऱ्यांनीच पत्रांत कौतुकाने लिहून ठेवलंय. त्यांच्याच हिशोबाने १५८१ च्या सुमारास २५ हजारांतली १८ हजार रयत ख्रिस्ती. एवढे सगळे काय प्रवचन ऐकून झाले? धनी ज्या देवापुढे वाकतो त्याच्यापुढे कूळ पण वाकतं, उगाच कोण वैर घेणार.

वसईची_पोर: मी तटस्थ नाही, आधीच सांगते. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारलेल्या २६ जणांत होता, हुकूम याच हिदेयोशीचा. देवळांचं समर्थन मी करणार नाही, चूक ती चूक. पण त्याच ताकात्सुकीत कुणी गरीब मेला की उकोन आणि त्याचा बाप दारियो स्वतः खांदा द्यायचे. तिथे प्रेत उचलणं हे हलक्या मानलेल्या जातीचं काम! त्या काळात आपल्याकडचा कुठला देशमुख हे करत होता सांगा.

बखरवाला: खांदा दिला, मान्य. आता १५७८ बघा. याचा वरिष्ठ सरदार अराकी हा हिदेयोशीच्या आधीचा सत्ताधीश नोबुनागा याच्यावर उलटला, उकोनचा मुलगा आणि बहीण अराकीकडे ओलीस. नोबुनागा म्हणाला माझ्याकडे ये नाहीतर पाद्री मारतो. तर हा संसार सोडल्याची खूण म्हणून शेंडी कापून, कागदी कपडे घालून नोबुनागापुढे हजर. ओलिसांचा जीव टांगणीला आणि ताकात्सुकी शेवटी याच्याकडेच! सोयीचा त्याग म्हणतात याला.

रिकामटेकडा: अहो पण ओलीस वाचले ना. आणि जाताना किल्ला बापाच्या हवाली करून एकटा गेला, सैन्य घेऊन नाही. तुम्ही त्याच्या जागी काय केलं असतं?

चहाटळ: धर्म राहू द्या बाजूला, हा चहा-विधीचा महागुरू रिक्यू याच्या सात पट्टशिष्यांपैकी एक होता हे कुणीच बोलेना. चहाची ती एवढीशी खोली, दार इतकं बुटकं की सरदारालाही रांगत आत जावं लागतं, तलवार बाहेर. उकोन तिथे देवाचं चित्र ठेवून एकटाच प्रार्थनेला बसायचा.

बखरवाला: छान. आणि जहागीर गेल्यावर २६ वर्षं कानाझावाला माएदा या बड्या सरदार घराण्याच्या पदरी होता, १५९० ला ओदावाराच्या लष्करी मोहिमेवर पण गेला. फकीर बिकीर समजू नका.

वसईची_पोर: मग १६१४ चं पण सांगा की. हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या इएयासूने ख्रिस्ती म्हणून देशाबाहेर हाकललं तेव्हा साठी उलटलेली, बायको, लेक, नातवंडं घेऊन नागासाकीहून मनिलाच्या जहाजात बसला आणि पोचल्यावर दीडेक महिन्यात तापाने गेला. एकदा "सोडला धर्म" म्हटलं असतं तर घरी मेला असता. आणि धागाकर्ते, शीर्षक दुरुस्त करा, २०१७ ला ओसाकात त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलंय, संत अजून नाही.

बखरवाला: करा दुरुस्त. "देवळं पाडणारा" हे दोन शब्द मात्र तसेच ठेवा.