टेकडीवर स्मार्टवॉच कशाला?

टेकडीकर: रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. हल्ली निम्म्या लोकांचं लक्ष मनगटावर. परवा एक गृहस्थ खाली उतरून आपल्याच गाडीभोवती चकरा मारत होते, का तर दहा हजार पावलांना थोडी कमी पडत होती. मागे मोर बोंबलतोय, त्याचं काही नाही. ऑफिसात टार्गेट, घरी ईएमआय, पोरांचे मार्क, दिवसात एक तास असा होता की कोणी हिशोब मागत नव्हतं, तर तिथेही आपणच स्वतःला केआरए, म्हणजे ऑफिसातल्यासारखं ठरवून दिलेलं काम, लावून घेतला. आणि तो दहा हजारचा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही हो, १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता, तिथून जगभर पसरला. जाहिरातीतला आकडा आपण एकादशीसारखा पाळतोय.

आकडेमोड: आकडा जाहिरातीतून आला म्हणून चालणं वाया गेलं का? आयटीतला माणूस हिंजवडीला जाऊन येऊन दिवसभर खुर्चीत आणि गाडीतच असतो, पण विचारा त्याला, 'भरपूर चालणं होतं' म्हणेल. आठवडाभर मोजून बघा म्हणावं. तुम्हाला मोर दिसतो कारण तुमची सवय आधीच लागलेली आहे, ज्याची लागायचीय त्याला सुरुवातीला काहीतरी आमिष पाहिजेच, मग ते गाडीभोवती चकरा का असेना.

भजीप्रेमी: घड्याळ म्हणतं पाचशे कॅलरी जळल्या. सिंहगडावर पोचल्यावर दोन प्लेट कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. घड्याळाला यातलं काही कळत नाही हीच त्याची चांगली गोष्ट.

सिंहगड_दर_रविवारी: कॅलरीचं तर सोडाच, सगळ्यात कच्चा अंदाज तोच असतो. हार्टरेटसुद्धा मनगटावर हिरवा लाईट मारून, रक्तातून किती परत येतो त्यावरून ठरवतात, पट्टा सैल असला किंवा हात गार पडले की काहीही दाखवतं. नेमकं पाहिजे तर छातीचा पट्टा घ्या. उंचीचंही तसंच. ज्या घड्याळात हवेच्या दाबावरून उंची मोजतात, ते पावसाळ्यात गडावर चहा पीत बसलं तरी दाब बदलला की वर-खाली होतं. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगडाचा चढ साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर, तो काय आपल्या घड्याळासाठी बदलणार आहे थोडाच. तरी मी घालतो. चढताना दम खाऊन थांबायचं कधी हे चाळिशीनंतर मनाला विचारलं तर ते पोरांपुढे लाज वाटून खोटं सांगतं.

तळजईची: सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून लिहिते. पहाटे एकटी पळायला जाते, लाइव्ह लोकेशन घरी चालू असतं म्हणून सासूबाई निवांत झोपतात. आधी दर वीस मिनिटांनी फोन यायचा. 'हिशोब कोणी मागत नव्हतं' हे टेकडीकरांचं असेल, बायका घराबाहेर पडल्या की हिशोब द्यावाच लागतो, तो निदान मशीनने दिला तर माझा तास माझ्याकडे राहतो.

जुना_सदाशिव: ताई, घरच्यांना लोकेशन द्या, गावाला देऊ नका. रोजची पळण्याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवली तर नकाशा तुमच्या सोसायटीच्या गेटपासून सुरू होतो, वेळेसकट. स्ट्राव्हा म्हणून पळण्या-चालण्याची नोंद ठेवणारं ॲप आहे, त्यांनी लोकांच्या नोंदी एकत्र करून जगाचा नकाशा टाकला होता, त्यात वाळवंटातले लष्करी तळ उठून दिसले, २०१८च्या जानेवारीत बोंबाबोंब झाली. सैनिकांचं असं झालं तर आपण कोण. सेटिंगमध्ये घराजवळचा भाग लपवता येतो, तो लपवा.

तळजईची: लपवलाय काका, पहिल्याच दिवशी.

टेकडीकर: ताईंचा मुद्दा मान्य, सुरक्षिततेला माझी हरकत कधीच नव्हती. माझा राग आहे तो ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकण्यावर. सकाळी सात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर अकरा जणांचे नकाशे, आणि ज्याने टाकला नाही त्याला 'आज दांडी का?' दांडी! टेकडीला!

आकडेमोड: मग ग्रुप म्यूट करा की राव, घड्याळाला कशाला शिव्या.

टेकडीकर: म्यूट केला तर पाण्याच्या टँकरचा मेसेजही त्याच ग्रुपवर येतो.